शिरसाठ मॅडमना न ऐकलेलं लिहिता येत नव्हतं

शिरसाठ मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या कानाला हेडफोन लावून एका अमेरिकन डॉक्टरला मराठीतून झापत होत्या.

“अहो, आधी गिळा ते. मग बोला. पेशंट कुठे पळून जातोय का?”

डॉक्टर अर्थातच तिकडे, सातासमुद्रापलीकडे, आदल्या दिवशीच वेफर्स खाऊन मोकळा झालेला होता. आमच्याकडे आला होता तो त्याचा नुसता आवाज, वेफर्सच्या कुरकुरीसकट. मी नोकरीच्या पहिल्या दिवशी दारात उभी, हातात पर्स घट्ट धरलेली. माझ्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, “नवीन का गं तू? बस. हा एवढा बोकाणा संपू दे याचा.”

आमचं काम सांगायला सोपं. तिकडचे डॉक्टर पेशंट तपासला की तपासणीत काय आढळलं ते फोनवर बोलून ठेवत. आम्ही नाशिकला कॅनडा कॉर्नरपाशी, टाइल्सच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर बसून ते ऐकायचं आणि टाइप करायचं. पायाखाली एक पेडल. दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद, टाच टेकवली की थोडा मागे. नातेवाइकांना ‘मेडिकल ट्रान्सक्रिप्शन’ सांगितलं की ते विचारत, “म्हणजे औषधाच्या दुकानात का?” माझ्या मामांनी तर तेच डोक्यात घट्ट धरून ठेवलं आणि मला बघायला आलेल्या स्थळांनाही तसंच सांगितलं.

सोपं म्हटलं, पण ते सांगण्यापुरतंच. डॉक्टर लोक गाडी चालवताना बोलतात, जिना चढताना बोलतात, एक तर बाथरूममधून बोलायचा आणि मधेच पाणी सोडायचा. कुणी फिलिपिन्सचा, कुणी नायजेरियाचा, कुणी आपल्याच आंध्रातला. सोप्या शब्दांचं स्पेलिंग सावकाश सांगतील आणि अवघड औषधाचं नाव जांभईत गिळून टाकतील. मॅडमनी सगळ्यांना नावं ठेवलेली होती. वेफर्सवाला, जांभईवाला, नळवाला. खरी नावं त्या ऑफिसबाहेर कधी काढत नसत. पेशंटचं नाव तर ऑफिसातही नाही.

बाई उंचीला बेताच्या, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, पर्समध्ये नेहमी लवंगा. साडी नेसत तेव्हा पेडलवर पाय ठेवण्याआधी निऱ्या गुडघ्यात धरत. सिडकोत राहायच्या. नवरा अंबडला एका कंपनीत फिटर होता. कंपनीला टाळं लागलं तेव्हापासून घरीच. माणूस वाईट नव्हता, पण घरी बसून बसून गप्प झालेला. मुलगी अश्विनी धुळ्याला हॉस्टेलवर राहून नर्सिंग शिकत होती. मॅडम तिच्याबद्दल बोलत तेव्हाच तेवढा त्यांचा आवाज चढायचा.

कॉलनीत त्यांचा लौकिक मोठा होता. “डॉक्टरांचं लिहिणाऱ्या ताई” म्हणून लोक आपापले रिपोर्ट घेऊन दारात. रविवारी विहारातून परत येताना तर रस्त्यातच गाठायचे. त्या एकालाही काही सांगत नसत. “मी ऐकते आणि टाइप करते, मावशी. कळायला डॉक्टर लागतो.” एकदा शेजारच्या एक आजी रिपोर्ट हातात कोंबून हटूनच बसल्या. मॅडमनी तो वाचला, परत पाकिटात घातला, साडी बदलली आणि आजींना रिक्षात घालून सिव्हिलला घेऊन गेल्या. वाटेत काही बोलल्या नाहीत. आजी दुसऱ्या दिवसापासून गल्लीभर सांगत सुटल्या, ताईंना रिपोर्टातलं काहीच कळत नाही, उगीच नाव मोठं. मॅडमनी हे मला हसत हसत सांगितलं. मग हसायचं थांबून म्हणाल्या, “त्यानंतर तीनच महिने जगल्या असतील गं त्या.”

ऑफिसात मात्र त्यांचा धाक होता. येवल्याचा प्रशांत आमच्यात सगळ्यात जलद. बोटं अशी चालायची की बघत राहावं. आमच्याकडे एक सोय होती. डॉक्टरने “बाकी सगळं नॉर्मल” म्हटलं की दोन बटणं दाबायची, तयार मजकूर आपोआप उतरायचा: हृदय ठीक, पोट मऊ, दोन्ही पावलांच्या नाड्या चांगल्या. प्रशांतची त्या दोन बटणांवर फार भक्ती. एकदा मॅडमनी त्याची फाइल तपासली आणि त्याला खुर्चीसकट आपल्या टेबलापाशी ओढून आणलं.

“या माणसाचा डावा पाय गुडघ्यापासून काढलाय. वर तूच टाइप केलंयस ना?”

“हो मॅडम.”

“मग खाली दोन्ही पावलांची नाडी कुठे लागली तुला?”

“पण मॅडम, डॉक्टरच म्हणला ना, बाकी सगळं नॉर्मल हाय. मंग मी नॉर्मल टाकलं.”

“बाकी म्हणजे उरलेलं. पाय उरलाय का त्याचा?”

आम्ही सगळे फिदीफिदी हसलो. प्रशांतही हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ती फाइल त्याला पहिल्यापासून पुन्हा ऐकायला लावली. त्यांचा कायदा एकच होता. ऐकलं ते लिहायचं. नाही ऐकू आलं तर जागा रिकामी सोडायची, ‘ब्लँक’. तिकडे कुणीतरी ती भरेल. आपण अंदाजाने भरायची नाही. आम्ही सगळे अंदाज करायचो, खोटं कशाला सांगू. दहातले नऊ बरोबर यायचे आणि ब्लँक कमी म्हणून शाबासकी मिळायची. मॅडमच्या फाइलीत ब्लँक असायचे. पूर्वी थोडे असायचे, पुढे वाढत गेले.

ते का वाढले हे मला त्यांच्या डावीकडे बसल्यामुळे कळलं. मी हाक मारली की त्या उत्तर देत नसत. समोरून आले की देत. आधी मला वाटलं, बाई रागावली आहे. चहाच्या वेळी मी दोनदा सॉरीसुद्धा म्हणून टाकलं, कशाबद्दल ते माहीत नसताना. मग एकदा त्यांनी मला जिन्यात गाठलं.

“मनीषा, डावा कान गेलाय माझा. उजवाही निम्मा आहे. इतकी वर्षं हेडफोन, दुसरं काय होणार. डॉक्टर म्हणतो मशीन लावा. मशीन लावून वर हेडफोन बसतो का? आणि बसला तरी बहिरी ट्रान्सक्रिप्शनिस्ट ठेवतं कोण?”

“मग काय करणार मॅडम?”

“अश्विनीचं नर्सिंग होऊ दे. तेवढं एकदा होऊ दे. मग दोन्ही कान गेले तरी चालतील मला.”

आमचे टीम लीडर सागर सर. वयाने मॅडमपेक्षा बरेच लहान, सदा मोबाइलवर आकडे बघणारे. माणूस म्हणून वाईट नव्हते, फक्त घाबरट. दर महिन्याला मॅडमना केबिनमध्ये बोलवायचे आणि दार अर्धं उघडं ठेवायचे, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू यायचं.

“मॅडम, एवढा अनुभव तुमचा. संदर्भावरून कळत नाही का काय शब्द असेल?”

“कळतं ना सर. पण ते मला कळलं, डॉक्टर बोलला हे कुठे ऐकलं मी?”

“बाकीचे भरतात ना.”

“भरतात,” मॅडम म्हणायच्या. आमच्यापैकी एकाचंही नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

हळूहळू त्यांच्याकडच्या फाइली कमी झाल्या. वेफर्सवाला गेला, नळवाला माझ्याकडे आला. त्यांच्याकडे उरले फक्त आजोबा.

आजोबा म्हणजे एक म्हातारे डॉक्टर. मॅडम कामाला लागल्यापासून त्यांचंच डिक्टेशन करत आल्या होत्या. सभ्य माणूस. खात नसत, पाणी सोडत नसत, प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला घसा खाकरून ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचे. मॅडम हेडफोनमध्येच “गुड मॉर्निंग आजोबा” म्हणून उत्तर द्यायच्या. एकदा आजोबा काही आठवडे गायब झाले. परत आले तेव्हा फार हळू बोलायला लागले होते. मॅडम म्हणाल्या, “बायको गेली वाटतं.” आम्ही म्हटलं, काहीतरीच काय. पण पुढे एका डिक्टेशनमध्ये पेशंटबद्दल बोलता बोलता ते स्वतःच सांगून गेले, आणि मग “हे लिहू नका” असंही म्हणाले. मॅडमनी ते लिहिलं नाही. त्या दिवशी डबा मात्र तसाच घरी नेला.

मग आजोबांची जीभ जड व्हायला लागली. आधी ‘र’ घसरला, मग शब्दांची शेपटं जाऊ लागली. मॅडमनी सागर सरांना सांगितलं, तिकडे कुणाला तरी कळवा, हे नुसतं म्हातारपण नाही. सर म्हणाले, क्लायंटच्या तब्येतीवर आपण बोलायचं नसतं. करारात तसं होतं म्हणे. आम्हा बाकीच्यांना आजोबांची फाइल आली की निम्मी ब्लँक जायची. अंदाज करण्याइतकंही हाती लागायचं नाही. एकट्या मॅडमना त्यांचं बोलणं उमगायचं. त्यांचा श्वास कुठे तुटतो, खोकला कुठे येतो, कुठल्या अवयवानंतर कुठला घेतात, हे त्यांना पाठ होतं. म्हणून नेमकं कुठे कान लावायचा ते आधीच कळायचं. आवाज पूर्ण चढवायच्या, डोळे मिटायच्या, टाच टेकवून तोच तुकडा पुन्हा पुन्हा मागे न्यायच्या. त्यांच्या हेडफोनमधून आजोबा आमच्या टेबलापर्यंत ऐकू यायचे.

त्याची जीभ चाललेली, हिचा कान चाललेला, आणि दोघांना एकमेकांच्या दुखण्याचा पत्ता नाही. निदान एकाला तरी नाही. आजोबा जोवर बोलतील तोवर मॅडमची नोकरी होती. अश्विनी तेव्हा तिसऱ्या वर्षाला होती. मला ते बघून हसूही यायचं आणि काळजीही वाटायची. मी मनातल्या मनात म्हणायचे, आजोबा, अजून दीड-दोन वर्षं काढा. नीट बोलू नका, पण बोलत राहा.

आणि मग सॉफ्टवेअर आलं.

त्यासाठी मीटिंग झाली, समोसे आले. सागर सरांनी पडद्यावर दाखवलं: डॉक्टर बोलतोय आणि अक्षरं आपोआप उमटतायत. “आता तुम्हाला टाइप करायचे कष्ट नाहीत. मशीनचा ड्राफ्ट येईल, तुम्ही फक्त ऐकून दुरुस्त करायचा.” मागच्या रांगेतून दोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. समोसा हातात असला की माणूस कशालाही टाळ्या वाजवतो. तुम्ही केलेली प्रत्येक दुरुस्ती मशीन लक्षात ठेवतं, पुढच्या वेळी ती चूक करत नाही, हेही सरांनी सांगितलं. ते ऐकून प्रशांतने अर्धा समोसा खाली ठेवला.

मशीन एकही ब्लँक सोडत नसे. आजोबांचा पहिला ड्राफ्ट मॅडमच्या पडद्यावर आला तेव्हा आम्ही सगळे बघायला जमलो. काय सफाईदार इंग्रजी! एक शब्द अडखळलेला नाही, आणि त्यातलं आजोबा जवळजवळ काहीच बोललेले नव्हते. नसलेलं ऑपरेशन होतं, नसलेल्या गोळ्या होत्या. प्रशांत खूश झाला. “मॅडम, हे म्हातारं काय याच्या बापाला समजणार नाय. तुमची जागा पक्की.”

मॅडमनी तो ड्राफ्ट ओळीओळीने खोडून नीट केला. ऐकू आलं ते लिहिलं, नाही आलं तिथे ब्लँक. फाइल पाठवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आठ-पंधरा दिवसांत ड्राफ्ट सुधारायला लागले. मशीन आजोबांचा ‘र’ शिकलं. खोकला कुठला आणि शब्द कुठला हे शिकलं. मॅडम जे इतक्या वर्षांत शिकल्या ते त्यांच्याच हातून, रोज थोडं थोडं, तिकडे चाललं होतं. ते आम्हालाही दिसत होतं आणि त्यांनाही.

जेवणाच्या सुट्टीत प्रशांत त्यांच्यासमोर जाऊन बसला. “मॅडम, वाईट वाटून घेऊ नका, पण तुम्ही त्याला शिकवून राहिले. नका ना शिकवू. दोन-चार ठिकाणी उलटंसुलटं टाका. गोंधळू द्या त्याला. कुणाला कळणार हाय? आजोबांचं तुमच्याशिवाय कुणाला समजतंच नाय.”

मीही त्याच मताची होते. “मॅडम, वर्ष-दीड वर्षाचा तर प्रश्न आहे. अश्विनी पास होईपर्यंत.”

त्यांनी पोळीचा घास चटणीला लावला, खाल्ला नाही. “मनीषा, तो रिपोर्ट मशीनचा आहे का गं? तिकडे एक माणूस खाटेवर पडलाय. त्याचा आहे तो. मी उलटंसुलटं टाकलं आणि त्याला उलटंसुलटं औषध दिलं, म्हणजे?”

“तिकडे डॉक्टर वाचून सही करतात की.”

“करतात. पाय नसलेल्याच्या नाडीवरही सही झाली असती,” त्या म्हणाल्या. मग हातातला घास परत डब्यात ठेवला. “मला काय वाटत नाही का? रोज वाटतं. हात तिथपर्यंत जातो सुद्धा. पण आजोबा बोलायला लागले की नाही होत.”

मला त्यांचा राग आला. स्पष्टच सांगते, खूप राग आला. स्वतःच्या पोरीपेक्षा हिला कुठल्या परक्या देशातली खाट मोठी, असं वाटलं. आजही कधी कधी तसं वाटतं. पण त्यांच्या खुर्चीत बसून ती चूक मला तरी टाकता आली असती का, हे सांगवत नाही.

पावसाळा संपता संपता सागर सरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि या वेळी दार पूर्ण लावून घेतलं. बाहेर येऊन मॅडमनी लवंग तोंडात टाकली आणि म्हणाल्या, “या शनिवारपर्यंत.” सरांनी नियमाप्रमाणे सगळं देऊ म्हणून सांगितलं होतं. निरोप समारंभाचं विचारलं तर मॅडम नको म्हणाल्या.

शनिवारी दुपारी त्यांच्याकडे आजोबांची एकच फाइल होती. मी माझं काम सोडून शेजारी बसले. ड्राफ्ट पडद्यावर आधीच आलेला होता. मॅडमनी हेडफोन लावला, “गुड मॉर्निंग आजोबा” म्हटलं आणि ऐकायला लागल्या. नजर ओळीवर, हात मांडीवर. पहिला परिच्छेद बरोबर. दुसरा बरोबर. मधे एकदा हात उचलला, तुकडा पुन्हा ऐकला आणि हात परत मांडीवर ठेवला. मशीनचंच बरोबर होतं.

शेवटाशी येऊन त्या थांबल्या. तोच तुकडा मागे नेला, पुन्हा मागे नेला, डोळे मिटले. मग हेडफोन काढून माझ्यापुढे धरला.

“हे बघ गं जरा. इथे मला नुसती घरघर येतेय. याने लिहिलंय, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे. आपल्या मनाने लिहिलंय का हे?”

मी ऐकलं. आजोबांचा आवाज आता फार खोल गेला होता, पण शब्द होते. पुन्हा ऐकलं. मला त्या क्षणी मनापासून वाटत होतं की मशीन चुकलेलं असावं. एकदा तरी, आजच्या दिवशी तरी.

“आहे मॅडम,” मी म्हटलं. “तसंच म्हणतायत ते.”

“नक्की? स्वतः ऐकलंस?”

“नक्की.”

त्यांनी मोठा श्वास सोडला. “बरं झालं बाई. माझ्या हातात असतं तर ब्लँक गेलं असतं. आणि तिकडे पेनिसिलिन टोचलं असतं कुणी.” त्यांनी एकही अक्षर न बदलता फाइल पाठवून दिली. त्यांना खरंच बरं वाटलं होतं. चेहऱ्यावर दिसत होतं. तो चेहरा मला बघवेना, म्हणून मी उगाच माझ्या टेबलावरचे कागद नीट करत बसले.

पाचच्या सुमारास आम्ही खाली उतरलो. कॅनडा कॉर्नरला नेहमीची गर्दी, हॉर्न, बाजूला उसाच्या रसाचं गुऱ्हाळ घरघरत होतं. आम्ही रिक्षासाठी उभ्या होतो तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. अश्विनीचा होता. त्यांनी तो उजव्या कानाला घट्ट दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने रहदारीचा आवाज अडवायला लागल्या.

“हां, बोल बेटा. अं? काय म्हणालीस? मोठ्याने बोल… हां हां, फॉर्म. भर की फॉर्म. चौथ्या वर्षाचा ना? भर. पैशाचं पप्पांना काही विचारू नकोस, मी बघते… अं? काम? आहे ना. चांगलं चाललंय.”

मी तोंड फिरवलं. सिडकोची रिक्षा आली. त्या कडेच्या सीटवर बसल्या, पदर आत ओढून घेतला, मला हाताने ‘येते’ म्हणून खुणावलं. रिक्षा निघाली तरी फोन कानाला तसाच होता आणि त्या ओरडून सांगत होत्या की सोमवारपासून एका नव्या डॉक्टरच्या फाइली त्यांच्याकडे येणार आहेत, त्याचा आवाज फार स्वच्छ आहे.